आबा आणि चालू वर्तमानकाळ

माझ्या सासऱ्यांना इंग्रजी शिकवायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी मला लग्नात सांगितलं असतं, तर मी हसले असते. तेव्हा आमच्यात मुळी बोलणंच फारसं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी येण्याआधी आबा खाकरायचे. पाणी हवं असलं तर भिंतीकडे बघत म्हणायचे, "पाणी मिळंल का?" मी तांब्या-भांडं उंबऱ्याशी ठेवायचे आणि ते उचलून नेईपर्यंत पाठमोरी उभी राहायचे. आमचं भांडण नव्हतं की राग नव्हता. सासरा आणि सून एवढंच बोलतात, असं दोघांनीही धरून चाललेलं होतं.

आमचं घर ओझरच्या अलीकडे, ऊस आणि टोमॅटोच्या वावरांमध्ये. मी नारायणगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आबांनी तरुणपणापासून भाजीचा ट्रक चालवला. ओतूरहून माल भरायचा आणि माळशेज घाट उतरून कल्याणला रिकामा करायचा. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी गाडी सोडली आणि ते घरची शेती बघू लागले. बोलायला ते आधीपासूनच कमी. इतकी वर्षं केबिनमध्ये बसून माणूस असाच होतो, असं सासूबाई म्हणतात.

माझी नणंद, म्हणजे आबांची थोरली लेक, पोलंडमध्ये कॉम्प्युटरच्या कामाला आहे. तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिनं लग्न केलं. आबांनी त्या लग्नाबद्दल कितीतरी दिवस चकार शब्द काढला नाही. मग एका सकाळी बघते तर टीव्हीच्या बाजूला तिच्या लग्नाचा फोटो लावलेला. कुणी लावला असं विचारल्यावर आबा म्हणाले, "खिळा रिकामाच व्हता." त्यावरून आम्ही समजलो.

त्यानंतर हिवाळ्यात जावई, नणंद आणि जावयाचे आई-वडील असे चौघेजण येणार असल्याचं कळलं. त्या रविवारी मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. आबा न खाकरताच आत आले आणि उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसले. मी दचकून पदर सारखा केला.

"सूनबाई," ते म्हणाले, "व्याह्यांना इंग्रजी येतं म्हनं."

"थोडंफार येत असेल, आबा."

"मग ते बोलनार आन मी मुक्यावानी बसनार, असं दिसायला बरं न्हाई. पोरीच्या सासरी काय सांगतील ते? बाप मुका व्हता?"

"आम्ही आहोत ना सांगायला."

"तुमी किती सांगनार? व्याह्याशी व्याह्यानं बोलावं लागतं." त्यांनी समोरच्या शेंगांतल्या मूठभर आपल्याकडे ओढल्या आणि सोलायला लागले. "मला शिकव."

अशी आमची शाळा सुरू झाली. संध्याकाळी मी भाजी निवडायला बसले की आबा येऊन समोर बसायचे. एकीकडे हात चालायचे, मेथी नाहीतर गवार, आणि दुसरीकडे धडा. शिकवणी चालू असेपर्यंत ते मला 'बाई' म्हणायचे, कारण शिकवणारीला बाईच म्हणायचं असतं. भाजी संपली की मी पुन्हा सूनबाई.

सुरुवात साध्या वर्तमानकाळानं केली. आय ईट, आय गो, आय ड्राइव्ह. ते त्यांना जमलं. पण ही आणि शी लागल्यावर क्रियापदाला शेवटी 'एस' लागतो म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

"एक गाय असली तर काऊ, अन लई असल्या तर काऊज. एस लागतो. बरोबर?"

"बरोबर."

"आन एकच गाय खाती तवा ईट्स, आन लई गाया खात्यात तवा नुसतं ईट? म्हंजी एकीकडचं शेपूट काढून दुसरीकडं लावलं?"

पंधरा वर्षं मी शाळेत हे शिकवत होते. इतका नीट प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "हो आबा. असंच आहे. का आहे ते मलाही माहीत नाही."

"माहीत न्हाई तर ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले, "पर असं मोकळं सांगत जावा. मग आमी पाठ करतो."

मग चालू वर्तमानकाळ आला. शाळेत मुलं इथंच अडखळतात, म्हणून मी तयारीत होते. पण आबांना तो समजवायला मला काहीच करावं लागलं नाही. मी म्हटलं, रोजचं असेल तर साधा, आत्ता चालू असेल तर चालू.

"म्हंजी गाडी रोज कल्यानला जाती, ती साधी. आन गाडी आत्ता घाटात हाय, उतरतीया, ती चालू."

"अगदी तसंच."

"हे तर आपल्यातबी हाय की. मी जातो. मी चाललोय. यात काय शिकवायचं?"

गंमत पुढे झाली. आबांना चालू वर्तमानकाळ इतका आवडला की ते सगळीकडे तोच लावू लागले. 'आय ॲम नोईंग', 'आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन'. मी सांगितलं की जाणणं, असणं, आवडणं अशा गोष्टी चालू काळात म्हणत नाहीत.

"का म्हनून? पोरं झाली म्हंजी काम संपलं का? अजून चालूच हाय की."

सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. आबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "शी इज लाफिंग." आणि मग माझ्याकडे वळून, "हे बरोबर?"

"बरोबर."

"रोज हसत न्हाई ती. आजच."

पुढे त्यांना नादच लागला. जे दिसेल त्याचं ते इंग्रजी करायचे. गोठ्यात 'काऊ इज ईटिंग', कालव्यावर 'वॉटर इज कमिंग'. वाटेत कुणी म्हणालं, "काय राव, म्हातारपणी साहेब व्हता का काय," की शांतपणे उत्तर द्यायचे, "व्याही येनार हायती." लेकीच्या सासरच्यांसाठी माणूस काय वाटेल ते करतो, हे आमच्याकडे सगळ्यांना पटतं.

भूतकाळापर्यंत आम्ही पोचलो नाही. टोमॅटोची तोडणी आली, माझ्या शाळेत परीक्षा आल्या आणि नंतर पाहुणेच आले. आबांजवळ दोनच काळ होते, एक रोजचा आणि एक आत्ताचा.

व्याही उंच, पांढऱ्या मिशांचे आणि जरा वाकलेले होते. आयुष्यभर त्यांनी पावभट्टी चालवली. त्यांच्या बायकोनं आल्याबरोबर सासूबाईंचा हात धरला तो जवळजवळ जाईपर्यंत सोडला नाही. त्या दोघींमध्ये एकही शब्द सारखा नव्हता, पण त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते दोन्ही बापांचं. पहिल्या दिवशी दोघं ओसरीवर समोरासमोर खुर्च्या टाकून बसले. आबांनी पुढे सरसावून म्हटलं, "यू आर सिटिंग." व्याह्यांनी मान डोलावली. "येस. आय सिट." मग दोघंही अंगणातल्या कोंबड्या बघत बसले. मी आतून ऐकत होते. मला त्यांच्यापेक्षा जास्त घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन लेण्याद्रीला गेलो. व्याह्यांचा एक गुडघा गेलेला, आबांचे दोन्ही. पायऱ्या बघून दोघांनीही मान हलवली. बाकीचे वर निघाले. माझे मिस्टर मला म्हणाले, "तू खाली थांब. त्यांना काही अडलं तर." म्हणून मी त्या दोघांबरोबर पायथ्याच्या चहाच्या टपरीवर बसले.

चहा आला. व्याह्यांनी बिस्किटाचा पुडा फोडून टेबलावर ठेवला. त्यांनी बरीच जुळवाजुळव करून विचारलं, "व्हॉट डू यू डू?"

आबांनी हातातल्या कपाकडे बघितलं. "आय ॲम ड्रिंकिंग टी."

ते कामधंद्याबद्दल विचारत होते. मी तोंड उघडणार तोच व्याही मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला. आबांना काय झालं ते कळलं नाही, पण समोरचा हसतोय म्हणून तेही हसले. तेवढ्यात आबांचा चेहरा बदलला आणि ते व्याह्यांच्या खांद्यामागे बोट दाखवून म्हणाले, "मंकी इज कमिंग." व्याही वळेपर्यंत माकड टेबलावर होतं आणि पुडा घेऊन पत्र्यावर. "मंकी इज ईटिंग," आबा म्हणाले. शिकायला लागल्यापासून इतकं अचूक जागेवर वाक्य त्यांनी कधीच टाकलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे चोरून बघितलं आणि मी मान डोलावली.

तिथून दोघं सैल झाले. व्याह्यांनी सांगितलं की तेही हे इंग्रजी आमच्याकडे यायचं म्हणूनच शिकले. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन. त्यांच्या भाषेत वर्तमानकाळ एकच आहे, म्हणून त्यांचा सारखा गोंधळ होतो. "इन पोलिश, वन," त्यांनी एक बोट दाखवलं.

"मराठी, टू," आबा दोन बोटं दाखवून म्हणाले. "मी खातो. मी खातोय." आणि माझ्याकडे बोट करून, "शी टीच. टीचेस."

मग व्याही आपल्या भट्टीबद्दल सांगू लागले. आय गेट अप ॲट टू. आय मेक फायर. भट्टी बंद करून त्यांना बरीच वर्षं झालेली, पण तेही रोजचाच काळ वापरत होते, कारण त्यांच्याकडेही दुसरा नव्हता. आबा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आय ऑल्सो. टू ओक्लॉक. आय ड्राइव्ह ट्रक."

"व्हॉट इज इन द ट्रक?"

"कोथिंबीर." आबांनी माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिला. "कोरिअँडर. लई. फुल ट्रक." मग थोडं थांबून, कपातला चहा बघत म्हणाले, "वन डे, माय वाईफ इज इन हॉस्पिटल. मंचर. डॉटर इज कमिंग."

ते नणंदेच्या जन्माबद्दल बोलत होते. सासूबाईंचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजूचं. पहिलं बाळंतपण तिकडे झालं, एवढं मला ठाऊक होतं. बाकी काही मी कधी ऐकलेलं नव्हतं.

"डॉक्टर सेज, टुडे नो, टुमॉरो," आबा म्हणाले. "सो आय गो. आय ॲम ड्रायव्हिंग. घाट. रेन इज फॉलिंग. स्टोन्स आर फॉलिंग." त्यांनी दोन्ही हातांनी रस्ता अडवून दाखवला. "फ्रंट, क्लोज्ड. बॅक, ट्रक, ट्रक, ट्रक. आय ॲम नॉट गोइंग फ्रंट. आय ॲम नॉट गोइंग बॅक. आय ॲम सिटिंग."

व्याही कप ठेवून पुढे झुकले.

"ढग," आबा मला म्हणाले. "क्लाउड," मी म्हटलं.

"क्लाउड इज कमिंग इन केबिन. आय ॲम नॉट सीइंग माय हँड." त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. "आय ॲम थिंकिंग. डॉक्टर इज नॉट नोईंग. डॉटर इज कमिंग टुडे. आय ॲम शुअर."

नोईंग म्हणत नाहीत, हे माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं.

"देन?" व्याह्यांनी विचारलं.

"देन आय गिव्ह की. क्लीनर." किल्ली दिल्याची खूण केली. "आय टेल, यू सिट. आय ॲम वॉकिंग. अप. घाट. वॉकिंग, वॉकिंग. मिल्क टेम्पो इज कमिंग. आय सिट. ओतूर. देन बस. देन मंचर." ते थांबले. तळहात एकमेकांसमोर धरून त्यांनी लांबी दाखवली, जेमतेम दोन वितींची. "शी इज स्लीपिंग. आय ॲम वेट. ऑल वेट." त्यांनी सदरा पिळल्याची खूण केली. "नर्स इज सेइंग, डोन्ट टच, डोन्ट टच."

व्याह्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग भट्टीवाल्याला सुचावा तसा प्रश्न त्यांनी विचारला. "ॲण्ड द कोरिअँडर?"

"कोरिअँडर इज बिकमिंग यलो," आबा म्हणाले. "ओनर इज शाउटिंग. आय ॲम नॉट लिसनिंग."

दोघंही हसले, आणि हसता हसता व्याह्यांनी रुमालानं डोळे पुसले. मी उगाच उठून चहाचे कप गोळा करू लागले. एवढ्या वर्षांत आबांच्या तोंडून सलग इतकी वाक्यं मी ऐकली नव्हती, मराठीत तर नाहीच. त्यांच्याकडे 'होतं' हा शब्द नव्हता, म्हणून सगळं पुन्हा घडत होतं. घाटात ढग शिरत होता आणि ते ओल्या कपड्यांनी त्या खाटेशेजारी उभे होते.

मग व्याह्यांनी त्यांचं सांगितलं. मुलगा दुसऱ्या शहरात राहतो, रविवारी फोन करतो. "ही सेज, एव्हरीथिंग इज गुड. एव्हरी संडे, एव्हरीथिंग इज गुड. आय डोन्ट नो व्हॉट ही इज डूइंग."

"सेम," आबा म्हणाले. "आय आस्क, आर यू ईटिंग? शी सेज, येस येस. आय आस्क, व्हॉट? शी सेज, आबा, आय ॲम इन मीटिंग."

वरून मंडळी उतरून आली तेव्हा दोघं एकाच बाकावर बसून दुसऱ्या पुड्यातली बिस्किटं माकडांपासून लपवून खात होते. नणंदेनं मला बाजूला घेऊन विचारलं, "यांचं बरं जमलेलं दिसतंय. काय बोलत होते?"

संध्याकाळी भाकऱ्या करताना मी तिला सगळं सांगितलं. ती परात तशीच सोडून उठली. आबा ओसरीवर बसले होते. तिनं विचारलं, "आबा, माझ्या वेळेला तुम्ही गाडी घाटात सोडून आला होता?"

"असं काय न्हाई," आबा म्हणाले. "गाडी अडकली व्हती. म्हनून आलो."

"चालत?"

"थोडंसं."

ती आत आली आणि सासूबाईंना विचारलं. त्यांनी तवा खाली उतरवला. "मला तर म्हनाले, गाडी लवकर रिकामी झाली, म्हनून आलो. मी म्हनलं, इतक्या लवकर कसा काय कल्यानचा बाजार उरकला? तर म्हनाले, आज गिऱ्हाईक लई व्हतं." त्यांनी हाताचं पीठ झटकलं. "मालकानं मग दोन म्हैने कामावर घेतलं न्हाई. मी समजत व्हते, मंदी हाय."

नणंद पुन्हा बाहेर गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी होते, तिथून ओसरी दिसते. ती बापाच्या पायाशी पायरीवर बसली. मग ती इंग्रजीत म्हणाली, अगदी हळू, तुटक, जसं लहान मुलाशी बोलावं, "आबा, यू आर सिटिंग इन द ट्रक. व्हॉट आर यू थिंकिंग?"

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. कोंबड्यांच्या डालग्याकडे बघत ते म्हणाले, "आय ॲम थिंकिंग, इट इज रेनिंग. हॉस्पिटल रूफ इज ओल्ड. शी इज स्मॉल. इज वॉटर कमिंग ऑन हर?"

"नो," ती म्हणाली. "नो वॉटर."

"आय नो," आबा म्हणाले. "नाऊ आय नो."

तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. आमच्याकडे मोठी झालेली मुलगी असं करत नाही. आबांचा हात क्षणभर हवेतच राहिला आणि मग तिच्या केसांवर आला. मी खिडकीतून बाजूला झाले.

पाहुणे गेले त्याला आता वर्ष होईल. रविवारी दुपारी व्याह्यांचा फोन येतो. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते काठी घेऊन चालायला लागले, हे सगळं आम्हाला आबांकडून कळतं, लेकीकडून नाही. बोलताना ते फोन तोंडासमोर आडवा धरतात आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात. नणंदही आता मीटिंगमध्ये नसते, किंवा असली तरी तसं सांगत नाही. काय खातेय ते ताट फिरवून दाखवते. एकदा तिनं पोह्यांत कोथिंबीर नाही म्हणून सांगितलं, तर आबांनी पार्सल करता येईल का म्हणून माझ्याकडे चौकशी केली.

शाळेत मी अजूनही फळ्यावर दोन रकाने काढते, साधा आणि चालू. पण आता मुलांना आधी घरातल्या कुणाबद्दल तरी पाच वाक्यं बोलायला लावते. चुका मग बघते. काहीजण भलतंच काही सांगून जातात आणि वर्ग शांत होतो. मी एस लावायचा राहिला असं लगेच म्हणत नाही.

यंदाची तोडणी संपल्यावर मी आबांना म्हटलं, आता भूतकाळ घेऊया. त्यांनी गो चं वेंट का होतं ते विचारलं, मी माहीत नाही म्हटलं, आणि त्यांनी पाठ करायला घेतलं. चारच दिवसांत कंटाळले. माझं भागतंय की, म्हणाले. तेव्हा चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि परडी ओढून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"त्यांचं भागू दे," त्या म्हणाल्या. "तू मला शिकव. हे त्या पावन्याला फोनवर अजून काय काय सांगत्यात, ते मला ऐकायचंय."